एकाच बोर्डावर पाच व्होल्टेज: स्केमॅटिकमध्ये (सर्किटच्या चित्रात) सप्लायची नावं कशी ठेवता?

खाजनवाट
मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो नेमका काय आहे हे कळायला मला तीन आठवडे आणि एक बोर्ड लागला. म्हणून सविस्तर लिहिते.

मी फोंड्याकडची. आमच्या बाजूच्या खाजनात (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत) जुवारीच्या काठाला एक मानस आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मानस म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी झडपांचं दार. भरती चढली की नदीच्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. झडप कुजली किंवा बांधाला भोक पडलं की खारं पाणी शेतात शिरतं. कोरगुट, म्हणजे आमचं खाजनातलं भात, खारेपणा सोसतो, पण त्यालाही हद्द आहे. तर आतल्या बाजूची पाण्याची पातळी मोजायची आणि ती शेतकऱ्यांच्या फोनवर पाठवायची, एवढ्यासाठी हा बोर्ड.

बोर्डावर येणारे सप्लाय असे. सोलरवर चार्ज होणारी १२ व्होल्टची बॅटरी. पाण्यात सोडायच्या सेन्सरला ४ ते २० मिलीअँपियरच्या लूपसाठी २४ (सेन्सर पातळी करंटमध्ये कळवतो: शून्याला ४, पूर्ण मापाला २०). फोर-जी मॉडेमला ३.८, कारण त्याला ३.४ ते ४.२ च्या मधलं काहीतरी लागतं. त्या ३.८ वरून छोट्या एलडीओने (साध्या रेग्युलेटरने) ३.३, तो ईएसपी३२ (बोर्डावरचा प्रोसेसर) आणि एडीसीला (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारी चिप). आणि मॉडेमचे सिरियल पाय १.८ व्होल्टचे, त्यासाठी मॉडेम स्वतःच १.८ बाहेर देतो. एकूण पाच.

बोर्ड आला, मी डाग दिले, चालू झाला. मॉडेम नेटवर्कवर गेला, आकडे फोनवर आले. आणि आकडे चुकीचे. मानसाजवळ लावलेल्या पट्टीवर पाणी बरोबर १ मीटर, फोनवर १.४ ते १.५ च्या मध्ये हलतंय. आधी सेन्सरवर संशय घेतला. लूपमध्ये मीटर लावला तर ८ मिलीअँपियर, म्हणजे ४ मीटरच्या सेन्सरला अगदी बरोबर. कोड तपासला, लूपच्या करंटचं व्होल्टेज करणारा १५० ओहमचा रेझिस्टर बदलून पाहिला. शेवटी एडीसीच्या सप्लायच्या पायावर प्रोब टेकवला तर २.७ व्होल्ट. शेजारी दोन सेंटिमीटरवर ईएसपी३२ ला ३.३ मिळतायत.

मीटर बीपवर टाकला. एडीसीचा सप्लाय आणि ईएसपी३२ चा सप्लाय जोडलेलेच नव्हते.

स्केमॅटिक उघडून मोठं करून बघितलं. ईएसपी३२ च्या पानावर बाणाच्या सिम्बॉलवर लिहिलंय +३व्ही३. एडीसीचं पान मी आधीच्या एका प्रोजेक्टमधून चिकटवलं होतं, तिथे लिहिलंय +३.३व्ही. मी ज्या किकॅड सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड काढते, त्याच्या पॉवर लायब्ररीत दोन्ही सिम्बॉल आहेत, दिसायला सारखे. माझ्या डोळ्यांना ते एकच होते, सॉफ्टवेअरला दोन.

तात्पुरती एनामल वायर टाकून जोडलं, आकडा १.०० वर आला. पण आता दुसरी आवृत्ती काढायची आहे, चवथीआधी. तुम्ही इतके सप्लाय स्केमॅटिकमध्ये कसे दाखवता? नावं कशी ठेवता? सगळीकडे बाण लावता की तारा ओढता?

---

वेर्णा_टेस्टबेंच
मंगळवार, रात्री १०:३५

ताई, एक गोष्ट आधी सांगा. ईआरसी (किकॅडची सर्किट तपासणी) चालवला होता ना? एडीसीचा सप्लायचा पाय पॉवर इनपुट प्रकारचा असणार. त्या जाळ्यावर (एका नावाच्या सगळ्या जोडणीवर) पॉवर आउटपुट प्रकारचा, म्हणजे वीज देणारा, एकही पाय नाही, म्हणजे ईआरसीने ओरडायलाच हवं होतं. ते का ओरडलं नाही?

---

खाजनवाट
मंगळवार, रात्री १०:५२

ओरडलं होतं. मी आत्ता फाइल बघितली. +३.३व्ही वर मी स्वतः पीडब्ल्यूआर फ्लॅग लावलाय. बॅटरीच्या कनेक्टरवर अशीच तक्रार आली होती आणि तिथे फ्लॅग लावल्यावर गेली. ही पण तशीच समजून लावून टाकला. बोर्डावर एकूण सहा फ्लॅग आहेत.

---

वेर्णा_टेस्टबेंच
बुधवार, सकाळी ७:१०

मग मूळ दुखणं तिथे आहे. नावाची गफलत कोणाचीही होते, ती पकडायला ईआरसी असतो. आपण त्याचं तोंड बंद केलं की मग कोण सांगणार?

सविस्तर लिहितो, कारण नवीन मुलांना हे कोणी शिकवत नाही.

पॉवर सिम्बॉलचा आकार बघून किकॅड काहीही ठरवत नाही. बाण, आडवी रेघ, गोल, सगळं आपल्या डोळ्यांसाठी. जोडणी होते ती फक्त नावाने. ज्या सिम्बॉलांची व्हॅल्यू अक्षर न अक्षर सारखी, ते सगळे एका तारेवर, मग ते कुठल्याही पानावर असोत. आवृत्ती ७ च्या आधी तर नाव सिम्बॉलच्या आतल्या लपलेल्या पायावरून यायचं. व्हॅल्यू बदलून +५व्ही लिहिलं तरी आत +३व्ही३ च राहायचं. आता व्हॅल्यू हेच नाव, त्यामुळे निदान डोळ्यांना दिसतं ते खरं असतं. लहान-मोठ्या अक्षराचा फरक असला तर ईआरसी लेबलं सारखी दिसतायत म्हणून इशारा देतो, पण +३व्ही३ आणि +३.३व्ही हे त्याला सारखे वाटत नाहीत. ते आपणच सांभाळायचं.

आता फ्लॅग. त्याचा अर्थ एवढाच: या जागी वीज खरोखर येते, चित्रावरून ते तुला कळणार नाही, म्हणून मी सांगतो. कनेक्टरचे पाय पॅसिव्ह (वीज देतात की घेतात हे न सांगणारे) असतात, तिथे फ्लॅग रास्त. स्विचिंग रेग्युलेटरमध्ये वीज कॉइलमधून बाहेर पडते, कॉइल पॅसिव्ह, म्हणून कॉइलनंतर फ्लॅग रास्त. ग्राउंडला एक. एलडीओचा आउटपुट पाय स्वतःच पॉवर आउटपुट असतो, तिथे फ्लॅग लावला तर उलट दोन आउटपुट भिडल्याची तक्रार येते. म्हणजे तुमच्या खऱ्या +३व्ही३ ला फ्लॅग लागलाच नसता. लागला तो फक्त मेलेल्या जाळ्याला.

ताई, सहाही फ्लॅग काढा. ईआरसी चालवा. प्रत्येक तक्रारीपाशी बोट ठेवून विचारा, इथे वीज नक्की कुठून येते? उत्तर बोटाने दाखवता आलं तरच फ्लॅग परत लावा.

तुमचा २.७ चा आकडाही समजून घेण्यासारखा आहे. एडीसीला सप्लाय नव्हताच. ईएसपी३२ च्या एसपीआयच्या (एडीसीशी बोलायच्या) पायावरचे ३.३ एडीसीच्या इनपुटमधल्या संरक्षक डायोडमधून आत गेले, डायोडवर ०.६ पडले, राहिले २.७. चिप चोरट्या विजेवर चालत होती. तुमचा व्हीरेफ (ज्याच्या तुलनेत एडीसी मोजतो तो रेफरन्सचा) पायही त्याच जाळ्यावर असणार. रेफरन्स ३.३ च्या जागी २.७ झाला की आकडा सव्वापटीच्या आसपास फुगतो. ८ चे पावणेदहा मिलीअँपियर दिसतात, ४ मीटरच्या सेन्सरला ते १.४४ मीटर. तुमच्या फोनवर आलेला आकडा हाच.

पूर्ण मेली असती तर पाच मिनिटांत सापडली असती. अर्धी जिवंत राहिलेली चिप माणसाला आठवडे फिरवते.

---

सोल्डरवास
बुधवार, सकाळी ९:२५

मी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला लॅबमध्ये सप्लायला सगळीकडे व्हीसीसी लिहायला सांगतात. डेटाशीटमध्ये कुठे व्हीडीडी असतं, कुठे व्हीसीसी. पाच व्होल्टेज असली तर कुठल्या एकाला व्हीसीसी म्हणायचं? आणि +३व्ही३ असं मध्येच व्ही का लिहितात?

---

मडगाव_रेडिओ
बुधवार, दुपारी १:४०

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मी ४० वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स, असे कागद हातात यायचे. त्यात पहिलं काय उडतं? दशांशचिन्ह. ४.७के चा ४७के होतो. म्हणून टिंबाच्या जागी अक्षर घालायची रीत पडली, ४के७, २आर२. रेझिस्टर-कॅपॅसिटरसाठी ती आयईसी ६००६२ मध्ये आहे आणि लोकांनी तीच व्होल्टेजला लावली. ३व्ही३ मधला व्ही कागद कितीही पुसट झाला तरी तीन आणि तीनच्या मध्ये उभा राहतो. सप्लायच्या आकड्याला तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे टिंब उडालं तर ३३ व्होल्ट वाचले जातात.

व्हीसीसी म्हणजे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरकडचा सप्लाय, व्हीईई एमिटरकडचा. अक्षर दोनदा लिहिलं की सप्लाय, एकदा लिहिलं तर त्या पायावरचं व्होल्टेज. फेट (दुसऱ्या जातीचे ट्रान्झिस्टर) आले तेव्हा ड्रेनवरून व्हीडीडी आणि सोर्सवरून व्हीएसएस. म्हणजे ही नावं चिपच्या आतली. चिपचा पाय व्हीडीडी असू दे, तो चिप बनवणाऱ्याचा शब्द. बोर्डावरची तार मात्र तुझी, तिला तू तुझं नाव दे.

---

वेर्णा_टेस्टबेंच
बुधवार, दुपारी २:०५

भाईंनी बरोबर सांगितलं. व्हीसीसी या नावाने माझे हात एकदा चांगलेच पोळलेत.

मी ज्या कारखान्यात टेस्टिंगला होतो तिथे एक जुना ५ व्होल्टचा बोर्ड ३.३ वर आणायचं ठरलं. प्रोसेसर बदलला, त्याला नवीन +३व्ही३ दिलं. डिस्प्लेसाठी ५ व्होल्ट ठेवले, त्यांचं नाव आधीपासून व्हीसीसी. बोर्डावर एक ७४एचसी१४ (सहा इन्व्हर्टरची लॉजिक चिप) होता. जुन्या लायब्ररीत त्याचे सप्लायचे पाय चित्रात दिसायचेच नाहीत. १४ नंबरचा पाय गुपचूप व्हीसीसीला, ७ नंबरचा ग्राउंडला. चित्रात नुसते सहा त्रिकोण. आम्ही चौघांनी ते चित्र तपासलं, चौघांनी सही केली. ७४एचसी१४ पाच व्होल्टवर चालला आणि प्रोसेसरच्या ३.३ च्या पायात ५ ढकलत राहिला. टेस्टला सगळे पास. दोन-तीन आठवड्यांनी एकेक इनपुट मरून परत यायला लागले.

किकॅडच्या आताच्या लायब्ररीत ७४ मालिकेला सप्लायचा वेगळा भाग असतो, तो पानावर ठेवून हाताने जोडावा लागतो. मुलं कुरकुरतात की पान भरतं. भरू दे. जो पाय दिसतो त्यावरच आपण शंका घेऊ शकतो.

आकडा असलेलं नाव का हवं, त्याचंही उदाहरण. ७४एचसी ला ५ व्होल्ट दिले तर त्याला इनपुटला ३.५ च्या वर हवेत तेव्हा तो निश्चितपणे एक मानतो. ३.३ चा प्रोसेसर तेवढे देऊच शकत नाही. ७४एचसीटी ला २ व्होल्ट पुरतात. चित्रात एका बाजूला +३व्ही३ आणि दुसऱ्या बाजूला +५व्ही असं स्वच्छ लिहिलेलं असलं की वाचणारा तिथे थबकतो. दोन्हीकडे व्हीसीसी लिहिलं तर कोण थबकेल?

---

पेडणे_सौर
बुधवार, सायंकाळी ७:३०

आकड्याच्या नावाशी मी पूर्ण सहमत नाही.

मी पंपांचे सोलर कंट्रोलर बनवतो. पहिल्या डिझाइनमध्ये पॅनेलच्या तारेला +१२व्ही नाव दिलं होतं, कारण पॅनेल "१२ व्होल्टचं". नाव वाचून मी स्वतःच इनपुटला १६ व्होल्टचे कॅपॅसिटर टाकले. १२ व्होल्टचं पॅनेल उन्हात काहीच न जोडता ठेवलं तर २१ च्या पुढे जातं. एका सकाळी बॅटरीचा फ्यूज उडालेला होता, पॅनेल मोकळं पडलं. दहा वाजता मी पेटी उघडली तेव्हा दोन कॅपॅसिटरची टोपणं फुगलेली आणि आत तो उग्र वास.

जे व्होल्टेज कोणी बांधून ठेवलेलं नाही त्याला आकडा देऊ नका. पॅनेलला व्हीसोलर, बॅटरीला व्हीबॅट, यूएसबीतून येणाऱ्याला व्हीबस. बॅटरी दिवसभरात ११ पासून १४.४ पर्यंत फिरते, तिला १२ म्हणणं म्हणजे खोटं लिहिणं. आकडा फक्त रेग्युलेटरनंतर.

---

वेर्णा_टेस्टबेंच
बुधवार, रात्री ८:१५

हे मान्य. उगमावरून नाव, आणि रेग्युलेट झाल्यावर आकडा. मी आकडा आकडा करत होतो त्यात ही बाजू राहून गेली होती.

---

सोल्डरवास
बुधवार, रात्री ९:००

मग खाजनवाट ताईंचे ३.३ दोन ठिकाणी लागतात. एडीसीला शांत ३.३ हवे म्हणून मध्ये फेराइट बीड (गोंगाट अडवणारा छोटा भाग) टाकली तर दोन्हीकडे +३व्ही३ च नाव ठेवायचं का? व्होल्टेज तर एकच आहे.

---

वेर्णा_टेस्टबेंच
बुधवार, रात्री ९:२०

नाही रे, तिथेच पाय घसरतो. दोन्हीकडे तेच नाव दिलंस तर बीडची दोन्ही टोकं एकाच जाळ्यावर येतात. चित्रात बीड आहे, बोर्डावर तिच्या बाजूने तांबं सरळ निघून जातं. अलीकडे +३व्ही३, पलीकडे +३व्ही३_ए. व्होल्टेज सारखं असलं तरी तार वेगळी, आणि नाव तारेचं असतं. मॉस्फेटने बंद-चालू होणाऱ्या सप्लायचं तेच, आधी एक नाव, नंतर दुसरं.

ग्राउंडबद्दल कोणी विचारायच्या आधी: कारण सांगता येत नसेल तर एकच जीएनडी ठेवा. दोन करायचेच असतील तर जिथे भेटतात तिथे नेट टाय (दोन नावांच्या तारा मुद्दाम जोडणारा सिम्बॉल) टाका, नाहीतर दोन नावं एका तारेवर आली म्हणून ईआरसी सांगेल आणि किकॅड त्यातलं एक नाव स्वतःच निवडेल.

---

म्हापसा_ऑटोमेशन
गुरुवार, सकाळी ११:१५

एक भर घालतो, वर कोणी लिहिलेली नाही. पॉवर सिम्बॉल सगळ्या पानांवर पसरतो हे छान वाटतं, पण तेच पान दोनदा वापरलं तर उलटतं. माझ्याकडे आरएस४८५ (सिरियल जोडणी) चे दोन आयसोलेटेड, म्हणजे विजेने एकमेकांपासून अलग, चॅनेल होते. एक पान काढलं, हायरार्कीत (वरच्या पानाच्या आत) दोनदा लावलं. आत आयसोलेटेड बाजूला +५व्ही_आयएसओ सिम्बॉल. दोन्ही प्रतींत नाव तेच, म्हणून दोन्ही चॅनेलचे सप्लाय एकत्र जुळले आणि त्यांच्यातलं आयसोलेशन गेलं. आता पुन्हा वापरायच्या पानात मी हायरार्किकल लेबल (फक्त वरच्या पानाशी जोडणारं नाव) घालतो आणि कुठला सप्लाय आत जातोय ते वरच्या पानावर तारेने दाखवतो. अशा पानाच्या आत व्हीडीडी_आयओ सारखं कामावरून दिलेलं नावच चांगलं, कारण ते पान उद्या १.८ वर लागेल की ३.३ वर, हे पानाला माहीत नसतं.

---

मडगाव_रेडिओ
गुरुवार, दुपारी ३:३०

मुलांनो, मला तुमचं सॉफ्टवेअर येत नाही, पण उद्या ती पेटी उघडून बसणार तो माझ्यासारखाच कोणीतरी असेल. त्याच्यासाठी दोन गोष्टी करा.

पहिल्या पानावर सप्लायचा पूर्ण मार्ग काढा. बॅटरीपासून सुरुवात, कुठल्या रेग्युलेटरमधून काय निघतं, किती अँपियर, पुढे कोणाकोणाला जातं. जुन्या चांगल्या टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये हे पान असायचं आणि बंद पडलेल्या सेटची निम्मी दुरुस्ती त्याच पानावर व्हायची. दुसरं, प्रत्येक सप्लायला बोर्डावर एक टेस्ट पॉइंट (प्रोब टेकवायची जागा) आणि शेजारी तेच नाव छापलेलं. चित्रात +३व्ही३_ए आणि बोर्डावर टीपी४ असं नको. पावसात छत्री धरून मानसावर उभ्या माणसाला टीपी४ म्हणजे काय ते आठवत नाही.

सप्लायचे बाण वर, ग्राउंड खाली, हे पाळा. ऋण सप्लाय असला तर त्याचा बाण खाली.

---

सोल्डरवास
गुरुवार, सायंकाळी ५:४५

नेट क्लासला (तारांच्या गटाला) रंग देता येतो हे आज करून पाहिलं. २४ लाल, बॅटरी नारिंगी, ३.३ हिरवा. स्केमॅटिकमध्ये तारा त्या रंगात दिसतात, आणि त्याच क्लासला ट्रॅकची रुंदी दिली की बोर्डावर बॅटरीचा ट्रॅक आपोआप जाड येतो. आमच्या लॅबचा प्रिंटर काळा-पांढरा आहे, त्यामुळे कागदावर शेवटी नावच उपयोगी.

---

खाजनवाट
रविवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन संध्याकाळी बसून केलं, ते सांगते.

आधी सहाही फ्लॅग काढले. ईआरसीच्या सहा तक्रारी आल्या. टेस्टबेंच काकांनी सांगितल्याप्रमाणे एकेकीपाशी थांबले. बॅटरीचा कनेक्टर, ग्राउंड, २४ ची कॉइल, ३.८ ची कॉइल: या चार ठिकाणी वीज कुठून येते ते दाखवता आलं, फ्लॅग परत लावले. पाचवी तक्रार +३.३व्ही ची, ती माहीत होती.

सहावी +५व्ही ची निघाली. माझ्या बोर्डावर ५ व्होल्ट नाहीतच! पहिल्या आराखड्यात होते, मग तो रेग्युलेटर मी काढून टाकला. पण भोंग्याचा ड्रायव्हर त्याच्या जुन्या +५व्ही वरच बसलेला होता आणि त्याच्यावर मी फ्लॅग ठोकलेला. भोंगा अजून जोडला नव्हता म्हणून कळलं नाही. पाणी चढल्यावर वाजायचा तो हाच भोंगा. हा बोर्ड असाच मानसावर लावला असता तर पहिल्या मोठ्या भरतीला तो गप्प राहिला असता, आणि मी घरी निवांत झोपलेली असते. हे लक्षात आल्यावर थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आता नावं अशी आहेत: व्हीसोलर, व्हीबॅट, +२४व्ही_लूप, +३व्ही८_मॉडेम, +३व्ही३, बीडनंतर +३व्ही३_ए (तिथे पाचवा फ्लॅग, कारण बीड पॅसिव्ह) आणि +१व्ही८_मॉडेम. शेवटच्याला मॉडेमचं नाव मुद्दाम जोडलं. मॉडेम झोपला की ते १.८ जातात, आणि तेव्हा ईएसपी३२ ने त्याच्या पायांवर काही ढकललं तर माझ्या एडीसीची कथा पुन्हा घडेल. नाव वाचल्यावर हे आठवावं म्हणून. भोंग्याचा ड्रायव्हर व्हीबॅटवर घेतला, १२ चा भोंगा मिळतो. इनपुटचे कॅपॅसिटर पेडणेच्या दादांचं वाचून ३५ व्होल्टचे केले. माझ्याकडेही १६ चेच होते.

रेडिओवाल्या भाईंचं पान काढलंय, पहिलंच. सात टेस्ट पॉइंट आणि ग्राउंडचा एक, सगळ्यांवर पूर्ण नाव छापलंय. +३व्ही८_मॉडेम कॉइलच्या शेजारी मावत नव्हतं, म्हणून कॉइल दोन मिलिमीटर सरकवली.

उद्या सकाळी फाइल बोर्ड बनवायला पाठवते. कोणाला त्याआधी पीडीएफ बघायची असेल तर रात्री अकरापर्यंत सांगा. टेस्टबेंच काका, तुम्ही २४ च्या पानावर एक नजर टाकलीत तर बरं वाटेल.

---

वेर्णा_टेस्टबेंच
रविवार, रात्री ८:५५

पाठवा, जागा आहे. मॉडेमचं पानही पाठवा, १.८ च्या बाजूचं लेव्हल शिफ्टिंग (३.३ शी जुळवणं) मला बघायचंय.